मदत हवी आहे: बजरी बोलत नाही, कुठे चुकतंय?

घरी बजरीची (बजरिगर, छोटे रंगीत पोपट) जोडी आहे. हिरवा ५ महिन्यांचा, नाकपुड्यांभोवतीचा भाग निळा. दुसरा पिवळा, लाल डोळ्यांचा, तोच भाग तपकिरी. पिंजऱ्यात आरसा आहे. दुपारी मोबाइलवर 'मिठू मिठू'चं रेकॉर्डिंग तासभर लावून ठेवतो. किलबिलाट भरपूर, शब्द एकही नाही. शेजारच्या काकू म्हणतात, जीभ हलकी व्हायला वेखंड उगाळून चाटवा, हिरवी मिरची द्या. द्यावं का? की सरळ आपला देशी हिरवा पोपट आणावा?

सुगरण:
वेखंड कृपा करून देऊ नका. ३०-४० ग्रॅमचा जीव आहे तो. आवाज जिभेतून निघत नाही, श्वासनळी जिथे दुभंगते तिथल्या सिरिंक्समध्ये (पक्ष्यांच्या स्वरयंत्रात) तयार होतो. त्यामुळे जीभ 'हलकी' करून काही साधत नाही. मिरचीचं म्हणाल तर पक्ष्यांना ती तिखट लागतच नाही, बोलण्याशी तिचा संबंध नाही.

निळं नाक म्हणजे नर, तपकिरी म्हणजे मादी. बोलतो तो बहुतेक नरच, आणि ५ महिने हे शिकायचं वय आहे. अडचण सोबतीची आहे. बजरी थव्यात राहणारा पक्षी, ज्याला आपला मानतो त्याचेच आवाज उचलतो. जोडीदार शेजारी आणि आरशात आणखी एक, मग तुमची गरज काय? आरसा आजच काढा.

रेकॉर्डिंगही बंद करा. पोपटांच्या बोलण्यावर संशोधन करणाऱ्या आयरीन पेपरबर्ग यांच्या प्रयोगांत आफ्रिकन ग्रे पोपट नुसत्या टेपवरून शब्द शिकले नाहीत, समोर बोलणारी माणसं लागली.

सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढल्यावर १० मिनिटं आणि दिवेलागणीला १० मिनिटं द्या. टीव्ही, मिक्सर बंद. तोंड पिंजऱ्यापासून वीतभर अंतरावर. एकच बोल, तोही ट-क असलेला, म्हणजे 'ये टिकू'. दार उघडताना, राळे घालताना प्रत्येक वेळी त्याच सुरात तेच म्हणा. तो जमेपर्यंत दुसरा शब्द नको.

संध्याकाळी पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून तो हळू आवाजात पुटपुटतो, तेव्हा कान द्या. शब्दाचे तुकडे आधी तिथेच ऐकू येतात. बजरीचं बोलणं फार भरभर असतं, पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

माळढोक:
एक भर. दोघं एकमेकांना भरवत असतील, चिकटून बसत असतील तर बोलण्यासाठी ताटातूट करू नका. सत्राच्या वेळी फक्त नराला बाहेर बोटावर घ्या. शब्द कमी येतील, पण पक्षी खुशीत राहील, आणि ते जास्त महत्त्वाचं.

हिरवा पोपट मुळीच आणू नका. तो, करण पोपट, पहाडी मैना हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. विकत घेणं, पाळणं गुन्हा आहे. बजरी, कॉकटिएल ह्यांना ती अडचण नाही. आफ्रिकन ग्रे असेल तर २०२४च्या नियमांनुसार पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

धागाकर्ता:
आरसा काढला. स्वयंपाकघरात दिवसभर माणसं असतात, पिंजरा तिथे हलवू का?

सुगरण:
नको. रिकामा नॉनस्टिक तवा जास्त तापला की निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. बैठकीच्या खोलीत, भिंतीला एक बाजू टेकवून, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. पंख्याखाली नको. रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता मिळू द्या, अर्धवट झोपेतला पक्षी शिकत नाही.