अध्यक्ष की खजिनदार?

मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या विद्यार्थी असोसिएशनमध्ये तिसऱ्या वर्षाला अध्यक्षपद घ्यावं की खजिनदारपद, असं एकाने विचारलंय. माझं मत खजिनदारपदाला. कार्यक्रम अडतो तो बिलांवरच. कॉलेजकडून खर्चासाठी आगाऊ पैसे मागायच्या, म्हणजे अ‍ॅडव्हान्सच्या अर्जावर फॅकल्टी को-ऑर्डिनेटर (असोसिएशनचं काम बघणारे सर) आणि एचओडी (विभागप्रमुख), दोघांच्या सह्या आधी घ्या. बिल पक्कं आणि कॉलेजच्याच नावाने हवं. तारीख, बिल नंबर, दुकानाचा शिक्का बघूनच काउंटर सोडा. नुसता यूपीआयचा स्क्रीनशॉट अकाउंट्सवाले धरत नाहीत, कारण काय घेतलं ते त्यात नसतं. थर्मल कागदावरच्या पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. मूळ पावती फाइलमध्ये पडून राहिली की अक्षरं उडतात आणि पैसे पोरांच्या खिशातून जातात. हिशेब सेमिस्टर परीक्षेच्या आधी पुरा करा. नंतर सही करणारे सर पेपर तपासणीला गेलेले असतात.