उन्हाळा लागला की बाग आणि भरतकाम : तुमचे अनुभव लिहा

काल रोपांवर सावली धरायला जुनं कापड हवं होतं म्हणून माळ्यावरची पेटी खाली काढली. ऊन आत्ताच एवढं तापलंय की परवा कुंडीत हलवलेल्या झिनियाच्या रोपांनी दोन दिवसांत माना टाकल्या. पेटीच्या तळाशी एक उशीचा अभ्रा सापडला, अजून लाकडी रिंगेत ताणलेला. आईचा. मोगऱ्याची फांदी, चार पानं पूर्ण, दोन फुलं पूर्ण, तिसऱ्या फुलाच्या अडीच पाकळ्या, आणि तिथेच सुई टोचून ठेवलेली. सुईला गंज चढलाय. मी पेटीजवळच बसून राहिले किती वेळ.

आईचा उन्हाळ्यातला दिवस ठरलेला असायचा. सकाळी झाडं, दुपारी सुई, उन्हं उतरली की परत झाडं. नक्षीचं पुस्तक तिच्याकडे नव्हतं. मोगऱ्याची कळ्यांची डहाळी आणून वाटीत ठेवायची आणि कागदावर काढायची. तो कागद खिडकीच्या काचेला चिकटवायचा, वर कापड धरायचं, बाहेरच्या उन्हाने रेघा आरपार दिसायच्या, त्या पेन्सिलीने गिरवायच्या. संध्याकाळपर्यंत कळी उमलायला लागायची आणि काढलेलं चित्र जुनं व्हायचं. मग दुसऱ्या दिवशी नवी डहाळी.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा सगळी पानं एकाच हिरव्याने भरली. ती काही बोलली नाही, मला कुंडीपाशी नेलं आणि पान उलटं केलं. "मागून बघ. हिरवा तोच आहे का?" नव्हता. वरून गडद, चकचकीत, आणि मागून फिकट, थोडा पांढुरका. तेव्हापासून एका हिरव्यात पान भरणं मला जमलेलं नाही. अभ्र्यावरचं एक पान दुमडलेलं आहे, तिथे तिने तो मागचा फिकट हिरवा वापरलाय. काल पहिल्यांदा लक्षात आलं.

तुमच्याकडेही असं काही असेल तर लिहा. बाग, भरतकाम, दोन्ही, काहीही चालेल.

— सायलीची वेल

कवडसा
अडीच पाकळ्यांपाशी थांबले. कुकर लावलाय, रात्री लिहिते.

मातीचे हात
माझं दुखणं वेगळंच आहे. सकाळभर माती उपसली की बोटांची टोकं खरखरीत होतात, आणि दुपारी भरायला बसलं की रेशमी दोरा प्रत्येक टाक्याला बोटात अडकतो. भरीव टाक्यात तर लगेच दिसतं, एक तंतू वर आला की अख्खी पाकळी विस्कटलेली वाटते. तेल लावून बघितलं तर कापडावर डाग पडले. आता दोन गोष्टी करते. मातीत हात घालायच्या आधी साबणाच्या वडीवर नखं ओढायची, नखांत साबण भरतो, माती शिरत नाही, नंतर धुतलं की स्वच्छ. आणि भरीव टाका सुट्टीच्या दिवशी, त्या दिवशी कुंड्यांना फक्त पाणी.

गेरू
दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी माझा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. पाणी घालायचं काम मुलीकडे गेलं, आणि मी खिडकीतून "गोकर्णाला कमी घाल, सदाफुलीला कालच घातलंय" असं ओरडत बसायचो. चौथ्या दिवशी तिने शाळेतली रिंग आणून माझ्या हातात दिली. "बाबा, तुम्ही हे करा, मी ते करते."

साखळी टाका तिनेच शिकवला. गाठीच्या टाक्याने मात्र आठवडा घेतला, गाठ दर वेळी कापडातून खाली निघून जायची. मग तिला कळलं की मी सुई वर आली त्याच भोकात परत घालतोय. एक धागा सोडून शेजारी घालायची आणि गाठ बसेपर्यंत दोरा डाव्या हाताने ताणून धरायचा. बारा वर्षांच्या मुलीने माझं बोट धरून दाखवलं. खिडकीतली गोकर्णाची वेल भरली, फुलं निळी, मधला डोळा पांढरा-पिवळट. प्लास्टर निघालं तेव्हा वेल अर्धी होती. पूर्ण केली.

तिन्हीसांज
विषय सोडून विचारते, माफ करा. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा मावा पडलाय, शेंड्यांना चिकटलेला. काय करू?

अबोली २
@तिन्हीसांज तो मावा नाही, मिलीबग. पिठ्या ढेकूण म्हणतात तो. जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कुंडीत ठेवू नका. बाकीच्यांवर पाण्याचा जोरदार फवारा, मग सौम्य साबणाचं पाणी, पानांच्या मागून सुद्धा. उन्हं उतरल्यावरच फवारा, दुपारी मारलं तर पानं करपतील. आठवड्याने परत. आणि मुंग्या बघा, त्यांचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि त्यांना जपतात. मुंग्या थांबवल्या नाहीत तर परत येणार.

तिन्हीसांज
मुंग्या आहेत!! रांगच लागलीय. धन्यवाद ताई.

निळी शाई
सायली, तुझ्या आईच्या सकाळी झाडं-दुपारी सुईवरून एक आठवलं. इंग्लंडमध्ये गर्ट्रूड जीकल म्हणून बाई होत्या, जन्म १८४३. चित्रं काढायच्या, सुंदर भरतकाम करायच्या. नजर आधीपासून अधू. १८९१ मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम थांबवायला सांगितलं. पन्नाशीला आलेली बाई, हातातली सुई गेली. पुढे त्यांनी बागांवरच सगळा जीव लावला आणि सुमारे ४०० बागा आखल्या. ल्यूटेन्स नावाचे वास्तुविशारद घर बांधायचे आणि बाग या आखायच्या, अशी त्यांची जोडी होती. त्यांचे फुलांचे ताटवे बघा. थंड रंगाकडून उष्ण रंगाकडे हळूहळू सरकत जातात, आपण शेडचे दोरे एकापुढे एक लावतो ना, तसे. मला तर त्यात सुईच दिसते.

हे सगळं मला ठाऊक आहे कारण मागच्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मलाही तेच सांगितलं गेलं. तीन महिने सुई बंद. त्या काळात मी नुसत्या कुंड्या रंगाप्रमाणे लावत बसले. आता परत भरते, पण सकाळच्या उजेडात, अर्धा तास, मोठ्या विणीच्या कापडावर. पांढऱ्यावर पांढरं सोडलं.

कवडसा
निळी शाई, 🙏. काळजी घ्या डोळ्यांची. काळ्या कापडावर तर अजिबात नको. भरायचंच झालं तर मांडीवर पांढरा टॉवेल ठेवून बसा, विणीतली भोकं दिसतात.

पानगळ
त्याच देशातल्या मेरी डिलेनी पण. अठराव्या शतकातल्या. भरतकाम आयुष्यभर, आणि वयाच्या ७२व्या वर्षी रंगीत कागद कापून फुलं करायला लागल्या, काळ्या पार्श्वभूमीवर. दहाएक वर्षांत जवळपास १००० केली, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. माझ्या सासूबाई ७१ आहेत, त्यांना कालच दाखवलं. "म्हणजे मला अजून एक वर्ष आहे" म्हणाल्या 😊

चिमणचारा
आमच्या गॅलरीत मोठ्या पानांच्या झाडावर शिंप्याने घरटं केलंय! शिंपी पक्षी, शेपटी वर उचलून फिरतो तो. दोन पानांच्या कडा जवळ आणून चोचीने भोकं पाडली आणि त्यातून कापसाचे, कोळ्याच्या जाळ्याचे तंतू ओढलेत. आणि त्यात एक गुलाबी धागा आहे. माझ्या रिंगेतला! कमळ भरत होते तोच रंग. मी आता रोज उरलेल्या दोऱ्यांचे तुकडे कठड्यावर ठेवते.

अबोली २
किती गोड! पण तुकडे ठेवू नका प्लीज. लांब दोरा पिल्लांच्या पायाला गुंडाळला जातो, सुटत नाही, पाय निकामी होतो. मी एका पिल्लाच्या पायातला दोरा कात्रीने कापलाय, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. सुका कापूस, गवताच्या काड्या ठेवा.

चिमणचारा
अरे देवा. उचलले सगळे. सांगितलंत बरं झालं. त्या झाडाला पाणी घालताना पान हलू नये म्हणून आता कपाने बुंध्याशी घालते.

टाकाटाका
उरलेल्या दोऱ्यांचा माझा उपयोग ऐका. दुधीचा वेल आहे. फुलं पांढरी, संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात आणि पतंग आमच्या मजल्यापर्यंत येत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळायचे. मग बॅटरी घेऊन स्वतःच परागीकरण करायला लागलो. नराच्या फुलाचा देठ नुसता बारीक, मादीच्या फुलामागे इवलासा दुधी असतो. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे करायच्या, मादीच्या मध्यावर हलकेच टेकवायचं. ज्या फुलाचं झालं त्याच्या देठाला बायकोच्या डब्यातला लाल दोरा सैल बांधायचा. सैलच, कारण देठ जाड होतो. मागच्या वेळी नऊ लाल दोरे बांधले, सहा दुधी धरले. तिच्या डब्यातला लाल संपला तेव्हा कळलं की तो गुलाबासाठी राखून ठेवला होता. नवी लड आणून दिली 😄

गेरू
बॅटरी घेऊन 😂 घरच्यांना दोन्ही छंद असले की डबा एकच होतो.

दुपारची झुळूक
माझं रडगाणं. टोमॅटोला भरपूर फुलं आली, मग ऊन चढलं आणि सगळी गळाली. पाणी कमी झालं म्हणून दुप्पट घातलं, तर मुळंच कुजली. दोन्ही रोपं गेली. आठवडाभर गॅलरीत जावंसं वाटलं नाही.

मातीचे हात
अगं, फुलं उन्हाने गळतात. दुपारचं तापमान ३५ च्या वर राहायला लागलं की टोमॅटो फळ धरतच नाही नीट. तुझी चूक नव्हती. दुपारची सावली द्यायची आणि वाट बघायची. पाणी घालताना बोट दोन पेरं खोल खुपसून बघ, आत ओल असेल तर घालू नकोस, वरची माती कितीही कोरडी दिसो. वर वाळलेल्या पानांचा दोन बोटं जाड थर दे, आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या असतील तर त्या इतर कुंड्यांच्या मागे ढकल, त्या फार तापतात.

दुपारची झुळूक
काळ्याच आहेत. थँक्यू गं. हे वाचून हलकं वाटलं.

कवडसा
आले एकदाची. बहिणीच्या लग्नासाठी पांढऱ्या टेबलक्लॉथवर गुलमोहर भरला होता, चार महिने. देण्याआधी एकदा धुवावा म्हणून कोमट पाण्यात भिजवला. लाल उतरला. पांढऱ्यावर गुलाबी ओघळ. मी घाबरून तो तसाच उन्हात वाळत टाकला, आणि तीच चूक. ओला असता तर गार पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून बराच निघाला असता, वाळल्यावर बसला. बहिणीने तो तसाच घेतला. अजून वापरते, ओघळांसकट. आता लाल, जांभळा, काळा दोरा असेल तर आधी ओल्या पांढऱ्या चिंधीने चोळून बघते. चिंधीला रंग लागला तर तो दोरा फक्त गडद कापडावर.

सायली, त्या सुईचं काय केलंस? ओढू नकोस हं जोराने. गंजाचा खरखरीतपणा विणीत अडकतो, कापड फाटेल. आधी रिंग सैल कर. सुईतला दोरा सुईपाशी काप, पण कापडाकडे शेपूट लांब ठेव, म्हणजे मागे नेऊन दडवता येईल. मग सुई रबराच्या तुकड्याने धरून गोल फिरवत फिरवत काढ.

तिन्हीसांज
मोगऱ्यावरून आठवलं, माझा मोगरा नुसती पानं देतो. फुलं का नाहीत?

अबोली २
@तिन्हीसांज ऊन किती मिळतं? पाच-सहा तास तरी हवं. आणि नत्राचं खत थांबवा, त्याने पानंच वाढतात. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून शेंडे दोन पानांच्या जोड्या मागे कापा. फुलं येऊन गेली की परत कापा.

सायलीची वेल
सगळं वाचलं, काही दोनदा. गेरू, तुमच्या मुलीचं ते "तुम्ही हे करा, मी ते करते" माझ्या आईला फार आवडलं असतं.

कवडसा, सांगितलंस तसंच केलं. रिंग उघडली तर कापडावर तिचा वळसा कायमचा पडलाय, इतकी वर्षं ताण होता. सुई पाव इंच पाव इंच फिरवत निघाली. खाली गंजाचा तिळाएवढा डाग राहिला. लिंबू लावून उन्हात ठेवणार होते, मग ठेवलं नाही, दोऱ्याचा रंग उडेल अशी भीती वाटली.

आईचा पांढरा आता सायीसारखा झालाय. डब्यात तीन पांढरे होते, तिन्ही शेजारी धरून बघितले, एकही जुळत नाही. सर्वांत जवळचा घेतला, सहा पदरांतले दोन वेगळे केले, आईने दोनच घेतलेत म्हणून. आज सकाळी कुंडीतली डहाळी आणून वाटीत ठेवली आणि अर्धी पाकळी पूर्ण केली. कुठे ती थांबली आणि कुठे मी सुरू केलं ते अगदी स्पष्ट दिसतंय. डागावर एक कळी येईल, जागा आहे तेवढी.

झिनियाची दोन रोपं वाचली. सावलीला शेवटी माझी ओढणी बांधलीय.

कवडसा
फोटो टाक कळी झाली की.

सायलीची वेल
टाकते. आत्ता उजेड गेला, आणि वाटीतली डहाळी उमलायला लागलीय.