पंधरा वर्षं भरताहेत: नौदलात पुढची सही करू की वाळपईला परतू?

सत्तरीचा नाविक

येत्या ३१ जुलैला माझी नौदलातली पंधरा वर्षं पूर्ण होतील. विमान देखभालीच्या शाखेत पेटी ऑफिसर आहे, सध्या दाबोळीला आयएनएस हंसावर. वय ३३, दोन मुलं. इथून पेन्शन घेऊन निघता येतं, नाहीतर मुदतवाढीची सही करायची. तो कागद माझ्या कपाटात पडून आहे.

सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे आमचं कुळागर आहे. सुपारी, नारळ, मिरी, थोडी केळी. बाबा ७२ वर्षांचे. नारळ-सुपारी पाडणारे पाडेली मिळत नाहीत, वानरं कोवळे नारळ पाडून टाकतात, तरी बाबा रोज पाट बघायला जातात. गेल्या पावसाळ्यात तिथेच घसरून पडले. शेजाऱ्यांनी उचलून इस्पितळात नेलं. मी ड्यूटीवर होतो, घर दोन तासांवर असूनही दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. पुढची पोस्टिंग विशाखापट्टणम किंवा पोर्ट ब्लेअर झाली, तर काय करणार?

माझा कल निघण्याकडे आहे. पण पंधरा वर्षं अंगावर चढवलेला गणवेश एका दुपारी काढून ठेवायचा, या विचाराने झोप लागत नाही. जे निघाले आणि जे राहिले, दोघांनीही मोकळेपणाने सांगा.

पेडण्याचा हवालदार

सही कर. मी सतरा वर्षांनी सैन्यातून आलो, कारण तुझंच होतं, आईचं आजारपण. आई दीड वर्षात गेली. त्यानंतर मी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या गेटवर बारा बारा तास उभा राहिलो. पगार सांगायलाही संकोच वाटेल इतका. सैन्यात माझ्या हाताखाली दहा जवान होते आणि गेटवर विशीतला मॅनेजर मला "ए वॉचमन" म्हणायचा. पैशांची तंगी माणूस सोसतो. ते ऐकून घरी येणं आणि मुलांसमोर हसतमुख बसणं फार जड जातं.

शिवाय सोळाव्या वर्षी एमएसीपीची, म्हणजे बढती नसली तरी ठरावीक वर्षांनी मिळणारी, पगारवाढ लागते. एका वर्षासाठी ती कशाला सोडतोस?

फोंड्याची बँक

हवालदारकाका, तुमच्या अनुभवापुढे मी बोलणार नाही, पण एमएसीपीचा हिशोब दुरुस्त करतो. ८, १६ आणि २४ वर्षांची ती वाढ मिळालेल्या बढत्या वजा करून मिळते. हा भरतीपासून दोन बढत्या घेऊन पेटी ऑफिसर झालाय. म्हणजे सोळाव्या वर्षी याला वेगळं काही मिळणार नाही. तेवढ्या आशेवर सही करू नये.

मी हवाई दलातून पस्तिशीत निघालो, आज सरकारी बँकेत क्लार्क आहे. सरकारी बँकांत क गटाच्या १४.५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी असतात, केंद्राच्या कार्यालयांत क गटाच्या १० टक्के. वयातून सेवेची सगळी वर्षं आणि वर तीन वर्षं वजा होतात. दहावीवर भरती होऊन पंधरा वर्षं काढली असतील, तर क गटातल्या पदवी मागणाऱ्या बऱ्याच जागांनाही अर्ज करता येतो. पण परीक्षा द्यावीच लागते. पहाटे चारला उठून गणितं सोडवायची ताकद माझ्यात पस्तिशीत होती. चाळिशीत असती का, शंका आहे.

नाविका, तुझा बेसिक किती?

सत्तरीचा नाविक

३९,२००.

फोंड्याची बँक

मग मांडू. ३९,२०० अधिक मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, त्याचं निम्मं २२,२००. त्यावर ५८ टक्के महागाई भत्ता धरला तर १२,८७६. हातात साधारण ३५ हजार, जन्मभर. तांत्रिक शाखेचा ग्रुप पे मिळत असेल तर थोडे वर. क्वार्टर जाईल, रेशन जाईल. सावंतवाडीपासून काणकोणपर्यंत ३३व्या वर्षी एवढी पक्की जमीन पायाखाली असलेली माणसं किती आहेत, बघ. याला नुकसान म्हणू नका.

अर्धी पेन्शन विकून, म्हणजे आगाऊ एकरकमी घेऊन, बाराएक लाख उचल. कुळागरात तुषार सिंचन, कुंपण, सुपारी वाळवायला जागा, सगळं एका दमात होईल.

मडगावचा हिशोबनीस

थांबा. अर्धी विकली तर महिन्याला ११,१०० कापले जातात, पंधरा वर्षं. म्हणजे १२ लाखांपोटी जवळजवळ २० लाख परत. महागाई भत्ता पूर्ण पेन्शनवर मिळत राहतो हे खरं, तरी हातात २४ हजारसुद्धा उरत नाहीत. दोन मुलं आणि म्हातारे आईवडील असलेल्या घराला वाळपईतही ते ओढाताणीचं आहे. पूर्ण पेन्शन सुरू होईल तेव्हा हा ४८ वर्षांचा असेल आणि मोठा मुलगा कॉलेजात.

फोंड्याची बँक

व्याजाने बघितलं तर ते सात टक्क्यांच्या आसपास पडतं. इतक्या स्वस्तात कोणती बँक याला तारणाशिवाय कर्ज देईल? मी स्वतः बँकेत बसतो, सांगतो: कोणतीच नाही. शिवाय उद्या याचं काही बरंवाईट झालं, तर ती कपात तिथेच संपते आणि बायकोच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाला हात लागत नाही.

मडगावचा हिशोबनीस

स्वस्त असलं तरी कर्ज ते कर्ज. ज्याचं महिन्याचं दुसरं उत्पन्न अजून ठरलेलं नाही, त्याने पहिल्याच दिवशी निम्मा आधार विकू नये. यावर माझं मत बदलणार नाही.

वास्कोतली नौदलाची बायको

सगळं वाचलं. या धाग्यात एक माणूस दिसत नाही, तुमची बायको. पेन्शनचे रुपये मोजलेत, वानरं मोजलीत, ती काय म्हणते ते कुठे आहे?

मी अकरा वर्षांत पाच घरं मांडली आणि मोडली. दर वेळी केंद्रीय विद्यालयात बदली मिळते, मैत्रिणी मिळत नाहीत. तरी माझा नवरा अजून नौदलात आहे आणि मला ते मान्य आहे, कारण आम्ही दोघांनी बसून ठरवलं. तुम्ही निघालात तर तुमच्या पत्नीला क्वार्टर्स सोडून सासरच्या घरात कायमचं जायचंय. तिचं काम, तिची सकाळ, सगळं बदलणार आहे. तुमच्या बाबांची सेवा रोज कोण करणार हेही आजच स्पष्ट बोला. मुलगा परत येतो आणि सेवा सुनेच्या गळ्यात पडते, हे मी तीन घरांत पाहिलंय.

सावईवेऱ्याचा बागायतदार

मला त्या कुळागराविषयी बोलू द्या, बाकीचं तुम्हाला जास्त कळतं.

नाविकबाब, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कोणाचं आहे? सत्तरी तालुक्यात कसणारा एक आणि उताऱ्यावर दुसराच, हे घरोघरी आहे. बहिणी आहेत का? आपल्या गोव्यात मुलींचा वाटा मुलग्यांच्या बरोबरीचा, आणि अर्ध्या मिळकतीला वडिलांनाही मृत्युपत्राने हात लावता येत नाही. उद्या इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, निघाली की तू बांधलेलं कुंपणही मोजणीत येईल. बहिणींचं मन चांगलं असेलही, तरी आज, सगळे हयात असताना, चहा पिता पिता विचार. सैन्यातून परतलेल्या माझ्या एका नातेवाइकाने सगळी पुंजी बागेत घातली आणि सात वर्षांनी वाटणीत निम्मी झाडं दुसरीकडे गेली. भांडण झालं नाही, कायद्याप्रमाणेच झालं, पण त्याची कंबर मोडली.

आता दुसरी बाजू. आज लावलेली पोफळ फळायला सहा-सात वर्षं घेते. तेवढा काळ घरात दुसरा पैसा येत असेल तोच माणूस नवी लागवड करू शकतो. माझ्या बापजाद्यांचं कुळागर मी टिकवू शकलो ते बायको शाळेत शिकवत होती म्हणून. तुझ्याकडे पेन्शन असेल. खरं सांगायचं तर आजच्या घडीला कुळागरासाठी तुझ्यासारखाच माणूस पाहिजे: महिन्याचा पगार ठरलेला आणि हाताला पान्याची सवय. पंप नादुरुस्त झाला की आम्ही चार दिवस मेकॅनिकची वाट बघतो. मी म्हणेन, ये. पण उतारा बघून ये.

मोपाची पाळी

विमानतळावर काम करतो म्हणून एक सांगतो. दाबोळी होतंच, २०२३ पासून मोपाही सुरू झालं. त्यामुळे नौदलातली मुलं समजतात की लढाऊ विमानांवर काम केलंय, सिव्हिलमध्ये लगेच घेतील. तसं नाही. विमान प्रमाणित करून सोडायचं तर डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना लागतो, त्याचे पेपर एकेक करून काढावे लागतात आणि सेनेतल्या अनुभवाच्या जोडीला नागरी विमानांवरचा अनुभवही दाखवावा लागतो. परवान्याशिवाय लागलास तर मदतनीस म्हणून. तुझ्या हाताला किती कळतं हे त्या पगारात दिसणार नाही. हा मार्ग हवा असेल तर पेपर आत असतानाच देत जायला हवे होते. म्हणून माझं मत: अजून तीन-चार वर्षं राहा, पेपर काढ, मग नीघ.

फोंड्याची बँक

मोपाच्या मित्राने म्हटल्याप्रमाणे केलं तर एक गोष्ट डोक्यात असू दे. ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाप्रमाणे त्यानंतर स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी निघणाऱ्यांना वन रँक वन पेन्शन (समान हुद्दा, समान सेवा, समान पेन्शन) नाही. पहिली मुदत संपल्यावर निघणं वेगळं आणि मुदतवाढीची सही करून मध्येच अर्ज टाकणं वेगळं. सही करायचीच तर पूर्ण मुदत काढायची तयारी ठेवूनच कर. तुझ्या बाबतीत नेमकं काय होईल ते पे ऑफिसातून लेखी घे.

पेडण्याचा हवालदार

लेखी घेच. आणि ते वेतन आयोगाचं कोणीतरी सांगेल, "आठवा आयोग येतोय, थांब." आयोग आधी निघालेल्यांचीही पेन्शन सुधारतो, माझी सातव्यात वाढली. म्हणजे त्यासाठीही थांबू नको. बघ, मी राहा म्हणणारा असूनही खोटं कारण देणार नाही.

पण बाबांचं वय हे निघण्याचं कारण होऊ शकत नाही, हे मी पुन्हा सांगतो. मी आईसाठी आलो आणि आईनंतर माझ्याकडे कारणच उरलं नाही.

सत्तरीचा नाविक

चार दिवस उत्तर दिलं नाही, घरी गेलो होतो.

वास्कोच्या ताईंनी विचारलं ते पहिलं केलं. बायको म्हणाली, वाळपईला यायची तयारी आहे, पण तिला तिथे शिवणवर्ग पुन्हा सुरू करायचा आहे आणि त्यासाठी ओसरीची खोली हवी. आंघोळ, औषधं, इस्पितळाच्या फेऱ्या हे माझं काम, हे तिने माझ्याकडून वदवून घेतलं. एक-चौदा काढला. नाव अजून आजोबांचं आहे. दोन्ही बहिणींना रविवारी बोलावलंय.

बाबांना शेवटी विचारलं. ते पाटाच्या कडेला बसले होते. म्हणाले, "माझ्यासाठी येऊ नको. मी नसेन तेव्हा सकाळी उठून काय करणार, ते सांग." हवालदारकाका, तुमचेच शब्द. मला लगेच उत्तर देता आलं नाही.

एप्रिलमध्ये महिनाभराची रजा घेतोय. पूर्ण महिना कुळागरात, बाबा सांगतील ते काम. त्यानंतर कागदाचं ठरवेन.

पेडण्याचा हवालदार

रजा पगारी असते रे. तो महिना ३५ हजारांत काढून बघ. क्वार्टर नाही, रेशन नाही असं समजून, मुलांची फी आणि मजुरांची मजुरीही त्यातूनच.

सत्तरीचा नाविक

ठरलं. बायकोने वही घातलीय, १ एप्रिलपासून लिहिणार. पहिलं पान पाडेल्याच्या मजुरीचं.