बस्टर कीटनला कुणी संपवलं?

रीळवेडा

मूकपटांच्या काळातला विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटन याच्याबद्दल ‘कीटन दारूपायी संपला’ असं सरसकट लिहिलं जातं. मला ते पटत नाही. १९२८ साली त्यानं एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या चित्रपट कंपनीच्या करारावर सही केली, उतरण तिथून सुरू झाली.

तोवर त्याच्याकडे लिहिलेली पटकथा नसायचीच. सुरुवात आणि शेवट पक्का, मधलं सेटवर सुचायचं. अडलं की सगळे बेसबॉल खेळायला जायचे. ‘द जनरल’ या त्याच्या मूकपटात प्रेयसीनं झिडकारल्यावर तो इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर जाऊन बसतो. इंजिन चालू होतं, दांडा त्याला वर-खाली नेत राहतो आणि या दुःखी माणसाला पत्ताच नसतो! इंजिन खरं, वर बसलेला कीटनही खराच. चाक गर्रकन फिरलं असतं तर जीव गेला असता. असला प्रसंग आधी कागदावर मंजूर करून घेता येतो का? एमजीएमला नेमका आधी कागद हवा होता. चॅप्लिन आणि हॅरोल्ड लॉइड या मूकपटांतल्या दुसऱ्या दोन विनोदवीरांनीही त्याला जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं.

तिकीटबारी

असहमत. ‘द जनरल’साठी ओरेगनमध्ये खरी आगगाडी जळत्या पुलावरून नदीत पाडली. आज आपण त्या दृश्यावर जीव टाकतो, पण तेव्हा चित्रपट आपटला. पैसे घालणाऱ्यानं किती वर्षं सोसायचं? उलट एमजीएमचे त्याचे बोलपट सुमार असूनही चालले.

शिवाय चॅप्लिन आणि लॉइड आपापल्या चित्रपटांचे मालक होते. कीटननं सगळा व्यवहार साडूवर, म्हणजे निर्माता जोसेफ शेंकवर सोडला. शेंकचा सख्खा भाऊ एमजीएमच्या मूळ कंपनीत वरच्या जागेवर होता, आणि साडूनंच त्याला तिकडे धाडलं. ही चूक कीटनची नाही तर कुणाची?

मधलीरांग

‘द कॅमेरामन’ विसरलात का दोघंही? तो एमजीएमचाच, १९२८चाच, आणि अप्रतिम आहे. मग कंपनीनं लगेच गळा दाबला असं कसं म्हणायचं?

रीळवेडा

त्यातलं सगळ्यात सुंदर काय आहे? रिकाम्या यांकी स्टेडियममध्ये तो एकटाच, बॉल-बॅटशिवाय, अख्खा बेसबॉलचा सामना खेळतो. ही जुन्या कीटनची पद्धत. पुढे त्याला जिमी ड्युरांट या विनोदी नटाच्या अखंड बडबडीशेजारी उभं केलं. ज्याचा चेहरा गप्प राहून बोलायचा, त्याच्यावर याहून मोठा अन्याय कोणता?

तिकीटबारी

जोडी विजोड होती, मान्य. पण तो दारूमुळे चित्रीकरणाला दांड्या मारायचा हेही खरं. १९३३मध्ये काढलं ते काही उगाच नाही.

रीळवेडा

आणि त्याच एमजीएमनं पुढे त्याला किरकोळ पगारावर दुसऱ्यांसाठी, रेड स्केल्टनसारख्या विनोदी नटांसाठी विनोद सुचवायला ठेवलं. दारूनं तो संपला होता, तर हे विनोद कुठून येत होते?

तिकीटबारी

विनोद संपले असं मी म्हटलंच नाही. मालकीचं म्हणत होतो, त्याला अजून उत्तर मिळालेलं नाही.