मसल सोर्समधून बांधताना ग्लिबसी बिघडेल का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): उबुंटूवर मसल (सी भाषेची मूळ लायब्ररी, उबुंटूच्या ग्लिबसीला पर्याय) बांधायचंय. जुन्या सर्व्हरवरही चालेल अशी एकच स्टॅटिक बायनरी (सगळ्या लायब्ररी आतच असलेला प्रोग्राम) हवी. सिस्टीमला धक्का लागणार नाही ना?

उत्तर (महाल): काही होत नाही भाऊ. प्रीफिक्स (कुठं बसवायचं तो फोल्डर) न दिल्यास सगळं /यूएसआर/लोकल/मसलमध्ये बसतं, /लिबमध्ये फक्त त्याच्या लोडरची (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणाऱ्याची) लिंक पडते. कमांड क्रमानं: कॉन्फिगर, मेक, सुडो मेक इन्स्टॉल. प्रीफिक्स /यूएसआर मात्र कधीच देऊ नको! मग मसल-जीसीसी (मसलसाठी जीसीसी कंपायलर चालवणारा रॅपर) वापर, सोबत -स्टॅटिक हा पर्याय दे.

प्रश्नकर्ता: झालं! पण ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचं हेडर (तिच्या फंक्शनांची माहिती देणारी फाइल) सापडत नाही म्हणतो.

उत्तर (महाल): हा रॅपर /यूएसआर/इन्क्लूडकडे बघतच नाही, आणि तेच बरं. ग्लिबसीची हेडर मिसळली की गोंधळच. ओपनएसएसएलही मसल-जीसीसीनंच बांध.

उत्तर (नंदनवन): सी++ असेल तर सरळ अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये बांध, तिथं मूळ लायब्ररी मसलच आहे.