हुरडा पार्टी आणि बीचसाठी एकच मोठा पार्टी स्पीकर की दोन छोटे दणकट? माझं मत दोन छोटे

रानवाटा:
आमचा बारा-चौदा जणांचा ग्रुप. पावसाळ्यात एक मुक्कामी ट्रिप, जानेवारीत कुणाच्यातरी मळ्यात हुरडा आणि मे महिन्यात समुद्र, हे दरवर्षीचं ठरलेलं. इतकी वर्षं एका मित्राचा घरातला साधा स्पीकर नेत होतो, यंदा ताम्हिणीत तो भिजला आणि कायमचा गेला, म्हणून वर्गणी काढून नवीन घ्यायचं चाललंय. ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो जेबीएल पार्टीबॉक्स ११० सारखा मोठा, लाईटवाला घेऊ, एकदाच काय तो दणका. माझं म्हणणं, जेबीएलच्याच छोट्या चार्ज ५ च्या वर्गातले दोन घ्यावेत.

कारण सांगतो. चार्ज ५ चं वजन ९६० ग्रॅम, पार्टीबॉक्स ११० जवळजवळ ११ किलो. गाडी जिथे थांबते तिथून मळ्यातल्या आगटीपर्यंत, म्हणजे कणसं भाजायच्या खड्ड्यापर्यंत, किंवा वाळूतून अर्धा किलोमीटर ११ किलो कोण नेणार, पहिल्या वर्षी हौसेने नेतील आणि दुसऱ्या वर्षी तो गाडीतच राहील. चार्ज ५ आयपी६७ आहे म्हणजे धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं राहिला तरी चालतो, पार्टीबॉक्स ११० आयपीएक्स४, म्हणजे फक्त शिंतोडे, आमच्या ताम्हिणीच्या पावसात त्याचीही तीच गत झाली असती. बॅटरी २० तास विरुद्ध १२ तास. शिवाय पार्टीबॉक्स ११० थेट लाईटच्या प्लगवरच चार्ज होतो, मळ्यात विहिरीच्या मोटारीचं कनेक्शन असेल नसेल, चार्ज ५ ला गाडीतलं चार्जिंगसुद्धा पुरतं.

वॉटचा मुद्दा राहिला, कारण समोरचा तट तिथेच अडतो. ४० विरुद्ध १६०, म्हणजे चौपट. पण बाकी सगळं सारखं धरलं तर चौपट वॉटने आवाज फक्त ६ डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. आणि उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर निम्मं केलं की तेवढेच ६ डेसिबल फुकट मिळतात! म्हणजे ४ मीटरवर ठेवलेला स्पीकर २ मीटरवर आणला की झालं. दोन स्पीकर असले की घोळक्याच्या दोन बाजूंना ठेवता येतात, सगळ्यांना सारखं ऐकू येतं, कुणाच्या कानाशी ठणाणा नाही आणि गप्पाही होतात. बोला आता, यात चूक काय आहे?

ढोलकीवाला:
दादा, गणित बरोबर आहे पण निष्कर्ष चुकलाय. तुम्ही वॉट धरून बसलात, बास वॉटमधून येत नाही, हवा किती ढकलली त्यातून येतो. चार्ज ५ मध्ये एक लंबगोल वूफर, म्हणजे बास काढणारा आतला स्पीकर, ५२ बाय ९० मिलिमीटरचा. पार्टीबॉक्स ११० मध्ये सव्वापाच इंचाचे दोन. घरात छोटा स्पीकर भरदार वाटतो कारण भिंती आणि कोपरे बास परत फेकतात, शेतात भिंत कुठाय? मोकळ्यावर आधी बास गायब होतो आणि मग नुसती वरची चिरचिर उरते. त्यात छोटे स्पीकर आवाज शेवटपर्यंत वाढवला की फाटू नये म्हणून स्वतःच बास कमी करतात. म्हणजे जिथे बास पाहिजे नेमका तिथेच तो मिळत नाही.

आमच्याकडं बारामती साईडला हुरड्याला बारा माणसं कधीच नसतात, बारा म्हणता म्हणता पाहुणे, शेजारचे, त्यांची पोरं धरून पन्नास होतात. मागच्या वर्षी चुलत बहिणीची हळद अंगणात केली, डीजे नको म्हणून घरच्यांनी ठरवलं, आमच्या भावकीतल्या एकाने तुमच्यासारखेच दोन लहान आणले होते. पहिली तीन गाणी लोक नाचले आणि मग एकेक करून खुर्च्यांवर जाऊन बसले, पायात ठेकाच येईना. तासाभराने एकाच्या घरून मोठा आणला आणि सत्तरीची आजीसुद्धा उठली. मी स्वतः पाहिलंय, म्हणून एवढं ठासून बोलतोय.

आणि माईक! पार्टीबॉक्सला माईक आणि गिटार दोन्ही लागतं. चार्ज ५ ला वायरने फोन जोडायची साधी ऑक्सची पिनही लागत नाही, चार्ज ४ ला होती ती काढून टाकली. हुरड्याला गाणी लावायला नाही, गाणी म्हणायला जमतात लोकं, माझं तरी असं मत आहे.

कोकणातला_माड:
माझा समुद्राकाठी होमस्टे आहे, पाहुण्यांसाठी स्पीकर ठेवावा लागतो, पाच वर्षांत तीन झालेत माझे त्यामुळे बोलतो. रानवाटा, आयपी६७ बद्दल तुम्ही जरा जास्तच निर्धास्त आहात. ती चाचणी साध्या गोड्या पाण्यात होते, नव्याकोऱ्या स्पीकरवर. खारं पाणी ही वेगळीच गोष्ट. माझा दुसरा स्पीकर आयपी६७ वाला होता, कंपनीचं नाव घेत नाही, पाहुण्यांनी लाटेत नेला, परत आणून तसाच ओला चार्जिंगला लावला. आठ दिवसांत चार्जिंगच्या पिनेवर हिरवा गंज. सर्व्हिस सेंटरने पाण्याने खराब झाला म्हणून वॉरंटी नाकारली. ज्याच्या जाहिरातीत पाण्यातला फोटो होता तोच स्पीकर! तेव्हा फार मनस्ताप झाला मला, अजूनही आठवलं की राग येतो.

म्हणून समुद्रावरून आलात की आधी गोड्या पाण्याने धुवा, कापडाने पुसा, रात्रभर तसाच वाळू द्या आणि मगच चार्जर लावा. आणि वाळू. आपल्याकडच्या काळ्या वाळूत, म्हणजे रत्नागिरीच्या मांडवीला आहे तशी, लोहाचे कण असतात, ते स्पीकरच्या चुंबकाकडे ओढले जातात आणि जाळीत असे बसतात की ब्रशनेही निघत नाहीत. दोन्ही टोकांना त्या हलणाऱ्या चकत्या असतात ना, वाळूत आडवा ठेवला की त्यांच्यावर कण घासत राहतात. टॉवेलवर ठेवा, नाहीतर झाडाला अडकवा.

तरीही समुद्रासाठी मी लहानाच्याच बाजूचा. आयपीएक्स४ वाला मोठा डबा बीचवर नेणं म्हणजे पैसे वाळूत घालणं, खारा वारासुद्धा त्याला बाधतो.

गडवेडी:
मला वेगळाच मुद्दा मांडायचाय आणि कुणाला राग आला तरी चालेल. पावसाळी मुक्कामी ट्रिप म्हणजे नेमकं कुठे? गडावर किंवा जंगलात असेल तर छोटा नको आणि मोठा पण नको, स्पीकर नेऊच नका. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापाशी बसलो होतो, खालून ढग वर येत होते, आणि शेजारच्या ग्रुपने स्पीकर लावला. आम्ही आठ तास चालून काय ऐकायला आलो होतो? त्या रात्री रातवा पक्ष्याचा आवाज ऐकायचा होता आम्हाला. आग्या मोहोळं असलेल्या कड्यांजवळ धूर, उग्र सेंट आणि गोंगाट करू नका असं जुने ट्रेकर कायम सांगतात, ते काही उगाच नाही.

तुमचं हलकं आणि दणकट याचा दुसरा अर्थ असा की तो कुठेही नेता येतो, ११ किलोचा डबा निदान गडावर तरी चढत नाही! मला तर हे हलके स्पीकर आल्यापासूनच जास्त त्रास झालाय.

आणि कायदा पण बघा की. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. खासगी जागेत लावला तरी हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच्या वर जाता येत नाही. पवना धरणाच्या काठावर तंबूला तंबू लागलेले असतात, प्रत्येकाचं वेगळं गाणं, रात्री एकपर्यंत. आजूबाजूच्या गावातल्या माणसांनी झोपायचं कधी?

रानवाटा:
@गडवेडी, गडाबद्दल शंभर टक्के मान्य, तिथे आम्ही नेत नाही आणि नेणारही नाही, ताम्हिणीतही फार्महाऊसच्या ओसरीतच लावला होता. पण दोष वजनाला देऊ नका हो, नेणाऱ्याला द्या. आणि तुम्ही सांगितलेली मर्यादा उलट माझ्याच बाजूची आहे, जवळ ठेवून हळू लावलेले दोन स्पीकर बांधाबाहेर फारसे जात नाहीत, लांबच्यांना ऐकू यावं म्हणून मोठा केलेला एक मात्र जातो.

@ढोलकीवाला, बासचं पटलं, मी मोकळ्यावर छोटा स्पीकर फक्त बसून ऐकलाय, नाचून नाही. पण आमच्यात नाचणारे चारच जण आहेत.

पत्र्याची_खोली:
मी हॉस्टेलला आहे, तुमचं बजेट बघून घाबरलो. आम्ही चौघांनी बोट स्टोन १२०० घेतलाय, १४ वॉट, आयपीएक्स७. धबधब्याखाली ठेवलाय, तळ्यात पडलाय, काही झालं नाही. चौघांना खोलीवर, टेकडीवर भरपूर होतो. माझ्या मते बाहेर न्यायची वस्तू महाग नसावी, हरवली फुटली तर जीव जळतो. आयपी६७ आणि आयपीएक्स७ मध्ये पाण्याचा आकडा सारखाच आहे मग जास्तीचे पैसे कशाचे?

कथील_आणि_कावीळ:
दुरुस्तीचं काम करतो, बारा वर्षं झाली. @पत्र्याची_खोली, पाण्याचा आकडा सारखाच, पण तो एक्स म्हणजे शून्य नाही, एक्स म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही. सहा म्हणजे धूळ पूर्ण बंद. मळ्यात, कच्च्या रस्त्यावर तो फरक दिसतो. माझ्याकडे येणारे स्पीकर पाण्यापेक्षा जास्त करून दोन गोष्टींनी मेलेले असतात, चार्जिंगची पिन आणि बॅटरी. बॅटरी का मरते, तर ट्रिपवरून आला की शून्यावर तसाच कपाटात आणि पुढच्या ट्रिपला सहा महिन्यांनी बाहेर. किंवा उन्हात काचा बंद गाडीत दिवसभर. निम्म्या चार्जवर ठेवा, दोन महिन्यांनी एकदा बघा, एवढंच करायचं असतं पण कुणी करत नाही.

तासांचे आकडे पण जपून घ्या. ते २० आणि १२ तास मध्यम आवाजावर मोजलेले असतात. फुल व्हॉल्यूमला २० चे पाच-सहा झाले तरी आश्चर्य वाटून घेऊ नका.

रानवाटा, तुमच्या प्लॅनमधली खरी गोची कुणी सांगितली नाही. दोन घेणार म्हणताय, आत्ता एक आणि पुढच्या वर्षी दुसरा असं डोक्यात असेल तर थांबा. चार्ज ५ दुसऱ्या स्पीकरशी पार्टीबूस्ट नावाच्या वायरलेस पद्धतीने जोडला जातो, चार्ज ६ आला तो ऑराकास्ट या वेगळ्या पद्धतीवर, ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. त्याच्याआधी चार्ज ४ कनेक्ट प्लसवर होता, तो पार्टीबूस्टशी बोलत नव्हता. एकाच कंपनीचे तीन स्पीकर, तीन भाषा. मला हे अजिबात आवडत नाही, गिऱ्हाईक दुसरा स्पीकर हौसेने आणतो आणि मग माझ्याकडे येऊन विचारतो जोडून द्या, मी काय जोडून देणार? डाव्या उजव्या स्पीकरचा आवाज वेगळा पाहिजे असेल तर मॉडेल सेम टू सेम लागतं. त्यामुळे घ्यायचे तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच मॉडेलचे, नाहीतर घेऊच नका.

ढोलकीवाला:
हे बघा, म्हणजे दोन्हींचे पैसे आत्ताच मोजायचे. मग त्याच पैशात मोठा एक येतो की नाही? मी आधीपासून हेच सांगतोय. एक बंद पडला तर दुसरा आहे असं म्हणाल, पण जोडी तुटली की उरलेल्या एकात राम नाही.

कोकणातला_माड:
ढोलकीवाले, राम नाही कसा, एक ओसरीवर एक पडवीत असे माझे दोन वेगवेगळे रोज चालतात. तुमची हळद वर्षातून एकदा, तेवढ्यापुरता मोठा भाड्याने घ्या की. आमच्याकडे मंडप डेकोरेशनवाला देतो, तुमच्याकडेही देत असेलच, माईकसकट.

गडवेडी:
भाड्याचा मुद्दा चांगला आहे. निदान प्रत्येक ग्रुपकडे एक मोठा डबा कायमचा होणार नाही.

रानवाटा:
आज ग्रुपवर सगळ्यांशी बोललो, इथलं सगळं वाचून दाखवलं. चार्ज ५ चे दोन, एकाच दुकानातून एकाच वेळी, यावर अकरा जण तयार झालेत. चार्ज ६ मध्ये आयपी६८ आणि जास्त तास आहेत हे माहीत आहे, पण दोन घेताना वर्गणी डोईजड होते म्हणून जुन्यावरच थांबलो. तिघं अजून पार्टीबॉक्सवरच अडलेत, त्यांचं म्हणणं ढोलकीवाल्यांसारखंच, माईक नाही तर मजा नाही. त्यांना सांगितलंय की हुरड्याला माईकवाला भाड्याने आणू, पाच माणसं नाचली तरी त्याचे पैसे मी देतो. कोकणातला_माड यांची धुण्या-वाळवण्याची सूचना छापून स्पीकरच्या पिशवीत ठेवणार आहे.

ढोलकीवाला:
भाड्याने कशाला, जानेवारीत आमच्याच मळ्यात या. ज्वारी आमची, आगटी आमची, मोठा स्पीकर मी आणतो, तुमचे दोन तुम्ही आणा. एकच गाणं आधी तुमच्यावर आणि मग माझ्यावर लावू, पंधरा पावलांवर उभं राहून ऐकू. गडवेडी ताईंनीही यावं, दहाच्या आत बंद करायची जबाबदारी माझी.

गडवेडी:
साडेनऊ. आणि त्यानंतर सगळ्यांनी तासभर गप्प बसायचं, तर येते.