क्रॅश डंप वाचणारी साधनं मोडली तर ती दुरुस्त कोणी करायची?

बावधनकर:
गेल्या महिन्यात पहाटे ग्राहकाकडचा सर्व्हर पॅनिक झाला, म्हणजे कर्नलच (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळला. केडंपने (कोसळताना मेमरीची प्रत जपणारी सोय) काम चोख केलं, व्हीएमकोअर (ती प्रत, म्हणजेच डंप) हाती आला. पण कर्नल नवा आणि डंप वाचायचं आमचं 'क्रॅश' हे साधन जुनं, डंप उघडेचना. हिंजवडीच्या ऑफिसात सकाळी चार जण त्या फाइलकडे नुसते बघत बसलो होतो. ग्राहकाला काय सांगायचं?

हे नेहमीचंच आहे. लिनक्स ५.१० मध्ये प्रिंटकेचा (कर्नलचे लॉग-संदेश लिहिणाऱ्या फंक्शनचा) बफर मुळापासून बदलला. ५.१४ मध्ये टास्क-स्ट्रक्टमधल्या (प्रत्येक प्रोसेसची माहिती ठेवणारं स्ट्रक्चर) 'स्टेट' या फील्डच्या नावाआधी दोन अंडरस्कोर लागले. दोन्ही वेळा डंप वाचणाऱ्यांची धावपळ झाली. माझं म्हणणं, स्ट्रक्चर बदलणाऱ्यानेच साधनांचा पॅचही द्यावा. इल्युमॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एमडीबीची (तिथल्या डीबगरची) मॉड्यूल्स कर्नलच्याच सोर्समध्ये राहतात. फील्डचं नाव बदललं की बिल्डच अडतो.

फाइलसिस्टिमवाला, औंध:
साफ अमान्य. 'युजरस्पेस मोडायचं नाही', म्हणजे कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम बिघडवायचे नाहीत, हा लिनक्सचा नियम सिस्टिम कॉलसारख्या बाहेरच्या इंटरफेससाठी आहे, आतल्या स्ट्रक्चर्ससाठी नाही. तुम्ही दिलेलं उदाहरणच बघा. 'स्टेट'चं नाव मुद्दाम बदललं, कारण ते जिथे जिथे थेट वाचलं जात होतं त्या सगळ्या जागा सापडायला हव्या होत्या. बाहेरच्या साधनांसाठी हे थांबवायचं? आणि सोर्स एकत्र ठेवून सगळं सुटत नाही. लिनक्स कर्नलसोबतच्या जीडीबी (डीबगर) स्क्रिप्ट पायथनमध्ये आहेत, फील्ड गेलं तरी बिल्डला पत्ता लागत नाही.

बावधनकर:
थांबवा असं मी म्हटलेलंच नाही. नाव बदललं तर निदान साधन ओरडतं. नाव तेच राहून अर्थ बदलला तर ते शांतपणे चुकीची माहिती छापतं, आणि आपण भलत्याच लॉकमागे दोन दिवस घालवतो. प्रिंटके बदलणाऱ्यांनी नव्या बफरचे ऑफसेट (फील्डच्या जागा) व्हीएमकोअरइन्फोमध्ये (डंपसोबत साधनांसाठी जाणारी माहिती) त्याच वेळी दिले होते. एवढं इतरांनीही करावं.

टेस्टिंगवाली, कोथरूड:
दोघांनीही चाचणीचं नाव काढलं नाही! आम्ही दर कर्नल अपडेटनंतर व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) सिसआरक्यूचा 'सी' (कर्नल पाडायची आज्ञा) देऊन मुद्दाम क्रॅश करतो. मग डंपमधून लॉग, प्रोसेसची यादी आणि बॅकट्रेस (फंक्शन कॉल्सची साखळी) निघतात का ते बघतो. केडंप चालला म्हणजे डंप वाचता येईलच असं नाही. बावधनकर, तुम्ही कर्नल बदलताना 'क्रॅश' का नाही बदललंत?

बावधनकर:
ताई, ती चूक आमचीच. पण नव्या कर्नलला चालणारं 'क्रॅश' आधी कोणीतरी लिहिलेलं तर हवं ना?

फाइलसिस्टिमवाला, औंध:
ते डंप वाचणाऱ्यांनी लिहावं. मी बदल करताना त्यांना मेलमध्ये सीसी करीन, त्यापलीकडे नाही.